आत्याला दाखवलेला सातारा

“राजवाडा दाखव, चार भिंती दाखव, वेळ उरला तर माहुलीला ने,” अण्णा म्हणाले. “फक्त आपल्या आळीत आणू नकोस.”

पाडव्याची सकाळ होती. दुकानातल्या झेंडूच्या माळा अजून ताज्या होत्या आणि अण्णा गल्ल्यामागे बसून आधीच लखलखीत असलेला एक तांब्या पुसत होते. माझ्याकडे बघायचं टाळायचं असलं की त्यांना नेहमी काहीतरी पुसायचं असे.

“आणि कुणी विचारलं, या कोण म्हणून?”

“सांग, कॉलेजातल्या मैत्रिणीची आई. नागपूरची. सुट्टीत सातारा बघायला आलीय.”

नागपूरची होती एवढं खरं, बाकी सगळी थाप. ती माझी आत्या होती, अण्णांची सख्खी धाकटी बहीण, आमच्याच आळीत लहानाची मोठी झालेली. मी मात्र तिला कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी तिनं यशवंत खरात नावाच्या मुलाशी लग्न केलं. बोर्डिंगात राहून शिकणारा मुलगा. बोर्डिंगची पातेली कल्हईला घेऊन तो आमच्या दुकानी यायचा. आमच्या लोकांच्या लेखी त्याची जात खालची. पुढं तो पॉलिटेक्निकात प्राध्यापक झाला, पण आमच्या लोकांना पातेलीच आठवत राहिली. आजोबांनी माहुलीच्या घाटावर जाऊन पोरीच्या नावानं अंघोळ केली, जिवंतपणी. अण्णांनाही करायला लावली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. आईनं मला ते एकदा, न्हाणीत केस धुताना, कानात सांगितलं होतं, एखादी शिवी सांगावी तसं. मथुरा.

आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आता अंघोळीचा हट्ट धरणारं कुणी उरलं नव्हतं. आणि दसऱ्यानंतर एके दिवशी दुकानात फोन वाजला. आत्या म्हणाली, मी दिवाळीला येतेय, बीजेला तुला ओवाळायचंय, कुठं ते तू सांग. अण्णा ‘नको’ म्हणू शकले नाहीत आणि ‘घरी ये’ही म्हणू शकले नाहीत. त्यांनी स्टँडजवळचा लॉज सांगितला.

“तुझ्यासाठीच करतोय, उजू,” ते तांब्याला म्हणाले. “उद्या संध्याकाळी कराडचे शेटे बोलणी करायला येतायत. एवढं एक होऊन जाऊ दे.”

म्हणजे अण्णांच्या भित्रेपणाचं बिल माझ्या नावानं फाटलं होतं. मला असा राग आला की सांगता सोय नाही. पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते, कराडचा मुलगा मला आवडला होता, आणि राग गिळायची सवय आमच्या घरात आईच्या दुधाबरोबरच मिळत असे. मी चपला घातल्या आणि निघाले.

स्टँडजवळच्या लॉजवर ती नव्हतीच. मॅनेजर म्हणाला, बाई काल आल्या, खोली बघितली, आणि ‘मला राजवाड्याजवळ हवीय’ म्हणून रिक्षानं निघून गेल्या. राजवाड्यामागचा लॉज आमच्या आळीपासून हाकेच्या अंतरावर. मी तिथं पोचले तेव्हा दारातच एक उंच, सावळी बाई उभी होती. राखाडी सुती साडी, गळ्यात काही नाही, केसांचा घट्ट अंबाडा, आणि नाक तंतोतंत अण्णांचं.

“उजू ना गं?” ती म्हणाली. “चल. दाखव मला तुझा सातारा.”

साताऱ्याला तेव्हा पेन्शनरांचं गाव म्हणत. एरवीही दुपारी रस्त्यावर कुत्रं झोपलं तर गाडी त्याला वळसा घालून जाई, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर फटाके सोडले तर आवाज नाही. अशा गावात एका अनोळखी बाईला घेऊन फिरणं म्हणजे पाठीवर पाटी लावून फिरणं. चौकापर्यंत जाईतो तिघांनी विचारलं. मी तिघांना मैत्रिणीची आई सांगितली. आत्या प्रत्येक वेळी गोड हसून नमस्कार करायची. तिसरा माणूस गेल्यावर म्हणाली, “हा मारुती वाणी ना? शाळेत माझ्या वेणीला शाई लावायचा. मैत्रिणीची आई म्हणे.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“काहून यावा? थाप तुझी नाही, तुझ्या बापाची आहे. आणि आत्याला तुम्ही कोण म्हणतं गं?”

ते ‘काहून’ नागपूरचं होतं. बाकी बोलणं अजून साताऱ्याचंच.

चार भिंतींच्या टेकडीवर चढून गेल्यावर मी शाळेत पाठ केलेली माहिती सांगू लागले. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि माझ्या हातावर हात ठेवला. सगळं गाव खाली पसरलेलं होतं, समोर यवतेश्वराचा डोंगर. तिनं वारा कापत नेल्यासारखं बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

“तो पिंपळ. त्याच्या डावीकडचं कौल. आपलं ना?”

“हो. आता पुढं पत्रा घातलाय.”

“इथून बघायला तर मनाई नाही ना केली दादानं?”

मी हसले. ती नाही हसली. ती बराच वेळ त्या कौलाकडे बघत राहिली, आणि मग एकेक माणूस विचारू लागली. समोरची जिजी आहे का? मी म्हटलं, आहे, नव्वदीला आली, दिवसभर खिडकीत बसून असते, ऐकू मात्र येत नाही, कानाशी ढोल वाजवला तरी ‘काय म्हणालास’ विचारते. आत्या म्हणाली, लहानपणी अण्णा परसातून तिला हाक मारायचे, ‘मथूऽऽ’ अशी लांबलचक, तर आधी जिजीच ओ द्यायची, ‘आली आली, माझ्याकडं पोहे खातीय’ म्हणून.

मी तिला पेढे घ्यायचे का विचारलं. ती म्हणाली, आधी माहुली.

“माहुलीला काय आहे? देवळंच.”

“घाट आहे ना. मला माझी जागा बघायचीय.”

मला वाटलं आपण ऐकलं ते चुकीचं. पण रिक्षात बसल्यावर तिनं सरळ विचारलं, अंघोळ नक्की कोणत्या पायरीवर केली ते ठाऊक आहे का. आईनं एवढं सांगितलं होतं की विश्वेश्वराच्या देवळाखालच्या पायऱ्या. आजोबा आपली अंघोळ उरकून काठावर उभे होते आणि अण्णांनी तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीनंतर ते वर येईनात, तेव्हा कुणीतरी दंडाला धरून ओढून काढलं. घरी येऊन तापानं फणफणले.

मी हे सांगेपर्यंत रिक्षा घाटाशी थांबली होती.

घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. आत्या चपला काढून खाली उतरली, साडी घोट्याच्या वर खोचली आणि पाण्यात उभी राहिली. कृष्णेचं पाणी तेव्हा थंडगार होतं. तिनं ओंजळीत घेतलं, तोंड धुतलं, मानेवर मारलं, आणि वळून मला म्हणाली, “झाली. माझ्या नावाची अंघोळ मीच करायची राहिली होती.”

धुणं धुणाऱ्या बायका बघायला लागल्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा लगेच रागही आला. मी पायरीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून सांगू लागले की उद्या बीज, मला तर भाऊ नाही, मी दरवर्षी चंद्रालाच ओवाळते. आमच्या आळीतून यवतेश्वरावरची कोर अगदी समोर दिसते. अण्णा माझ्याबरोबर उभे राहतात, आधी कोर शोधून देतात, आणि म्हणतात, भाऊ नसला म्हणून काय झालं, हा सगळ्यांचा.

“असं म्हणतो?” आत्या म्हणाली.

“दरवर्षी.”

ती पाण्यातून बाहेर आली, पदरानं पाय पुसले. “मीही त्यालाच ओवाळते. चोवीस वर्षं. आमच्या घरात दिवाळी नसते, आम्ही बौद्ध. पण बीजेला मी गच्चीवर जाते. हे म्हणतात, जा, तुझं आणि त्याचं काय ते बघून घ्या. एकदा मुलानं विचारलं, आई, ज्यांना भाऊ नसतो त्यांनी असं करायचं ना? मी म्हटलं, हो.”

“पण तुला तर भाऊ आहे.”

तुम्हीचं तू कधी झालं ते मला कळलं नाही. तिला कळलं. तिनं माझ्या गालाला ओला हात लावला.

“आहे का?” ती म्हणाली. “तेच बघायला आलेय. या खेपेला कळलं म्हणजे मी मोकळी.”

दुसऱ्या दिवशी कराडची मंडळी चारलाच आली. शेटे, त्यांची बायको आणि मुलाचा काका. मी आईची मोतिया रंगाची पैठणी नेसले होते. फराळ झाला, हुंडा नको पण लग्न दणक्यात हवं असं बोलणं झालं, शेटेबाईंनी माझ्या केसांची लांबी दुसऱ्यांदा बघितली. साडेपाच वाजून गेल्यावर अण्णा चुळबुळ करू लागले आणि ‘देवळात दिवा लावून येतो’ म्हणून उठले. ते समाजाच्या देवळाचे पंच होते, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. ओवाळून घ्यायला आपणच लॉजवर येऊ असं त्यांनी आत्याला कळवलं होतं. तिनं ‘बरं’ म्हटलं होतं. तिच्या त्या ‘बरं’चा मला अण्णांपेक्षाही राग आला होता. घाटावर एवढ्या ताठ मानेनं बोललेली बाई, आणि चोरून ओवाळायला तयार झाली.

आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ताट तयार होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, काड्यापेटी. आईनं आपल्या बोटातली अंगठी काढून सुपारीशेजारी ठेवली आणि वरून क्रोशाचा रुमाल झाकला. दिवाळीत आमच्याकडे फराळाची ताटं असेच रुमाल झाकून घरोघरी जातात, त्यात काय आहे हे कुणी उघडून बघत नाही.

“जोश्यांकडं फराळ देऊन येते म्हणून सांग,” आई म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. “आणि तुझ्या आत्याला सांग, वहिनीनं नमस्कार सांगितलाय.”

लॉजच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि एक खिडकी होती. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले होते. डोकं उघडं. माझे अण्णा घरातून बाहेर पडताना काळी टोपी घालत नाहीत असं मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं.

“टोपी रे?” आत्यानं विचारलं. ती आज हिरवी साडी नेसली होती.

“खिशात आहे.” अण्णांनी कोटाच्या खिशातून टोपी काढली. घडी घालून कोंबल्यामुळं ती चुरगळली होती. टोपीवरून आपल्याला कुणी ओळखेल म्हणून काढली, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

“घाल. उघड्या डोक्यानं ओवाळून घेतात का?”

त्यांनी घातली. दोघं समोरासमोर आले तेव्हा मला ते नाक दोनदा दिसलं. अण्णा म्हणाले, “बारीक झालीस मथू.” ती म्हणाली, “तू म्हातारा झालास दादा.” तिनं निरांजन पेटवलं. अंगठी आणि सुपारी बोटांत धरली.

अण्णा उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

आत्याचा हात तिथंच थांबला. “खिडकी का लावलीस?”

“वाऱ्यानं विझेल.”

“वारा नाही, दादा.”

“समोर पेढ्याचं दुकान आहे,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “तिथून सगळं दिसतं. समजून घे मथू. पोरीचं जमत आलंय. तुला यायला मी नाही म्हटलं का? आलो ना मी?”

आत्यानं अंगठी आणि सुपारी परत ताटात ठेवली. ओरडली नाही, रडली नाही. मी तिच्या जागी असते तर ताट भिंतीवर फेकलं असतं.

“मी बरं का म्हटलं होतं ठाऊक आहे?” ती म्हणाली. “म्हटलं, एकदा समोर बसला की लाजेल आणि म्हणेल, चल घरी. तू खिडकी लावलीस. ज्याला ओवाळून घ्यायची चोरी वाटते तो भाऊ नाही. आणि जिला भाऊ नसेल तिनं चंद्राला ओवाळायचं, आपल्या आईनं शिकवलंय. आपल्याच आळीत उभं करून.”

तिनं पेटतं ताट उचललं आणि दार उघडून चालू पडली.

पुढचं सगळं मला अजून पावलापावलानं आठवतं. संध्याकाळची दिवेलागण, दारोदारी पणत्या, ओवाळून झालेले भाऊ ओट्यांवर पान खात बसलेले, आणि त्यांच्या मधून हिरव्या साडीतली माझी आत्या हातात निरांजन घेऊन सरळ चाललेली. मी पैठणीचा पदर पसरून ज्योतीला आडोसा धरला होता. अण्णा मागून येत होते. ते तिला थांबवायला येत होते, पण रस्त्यात तिचा हात धरायचा म्हणजे ती आपली आहे हे कबूल करणं आलं. तेव्हा ते नुसतेच मागं मागं येत राहिले, टोपी पुन्हा मुठीत.

आळीच्या तोंडाशी आत्या क्षणभर थांबली. मला वाटलं, हिचा धीर सुटला. तिनं फक्त पायातल्या चपला काढल्या.

आमच्या दारासमोर येऊन ती उभी राहिली. समोर, घरांच्या मधल्या फटीत, यवतेश्वरावर बीजेची कोर होती, नखाएवढी. ती फार वेळ टिकत नाही. डोंगर जवळ, बघता बघता मावळते. ओट्यांवरची बोलणी थांबली होती. मारुती वाण्याचं तोंड पानासकट उघडं राहिलं होतं. आमच्या सोप्यातली शेटे मंडळी दारापर्यंत आली होती.

मी आत धावले. देवघरापुढचा पाट उचलला आणि वळले तर शेटेबाई वाटेत उभ्या.

“जोश्यांकडं गेली होतीस ना? बाहेर ही कोण बाई? आणि पाट कुणासाठी?”

त्या वेळी मला खोटं सुचलं होतं, अगदी सहज. मैत्रिणीच्या आईची थाप जिभेवर तयारच होती. आदल्या दिवशी मी ती गावभर वाटली होती. पण माझ्या हातात पाट होता आणि बाहेर ती अनवाणी उभी होती.

“ती माझी आत्या,” मी म्हटलं, सोप्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “अण्णांची सख्खी बहीण. मथुरा यशवंत खरात. आमच्या लोकांनी ती मेली असं सांगितलंय. ती जिवंत आहे आणि आज बीज आहे.”

कराडचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. ‘खरात’ हे आडनाव ऐकून शेटेबाईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं चपलांकडे. ती मंडळी मागच्या दारानं गेली. लग्न मोडल्याचं कळवायलाही कुणी आलं नाही. मला महिनाभर वाईट वाटलं. नंतर त्या मुलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर आठवेना, तेव्हा सोडून दिलं. अण्णांचं पंचपणही त्याच महिन्यात गेलं.

मी पाट आत्याच्या शेजारी रस्त्यावर मांडला. कुणाला बस म्हटलं नाही. नुसता मांडला. आई माझ्यामागून रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली होती. चोवीस वर्षं त्या घरात ब्र न काढलेली माझी आई डोक्यावरचा पदर सारखा करून खाली बसली, आणि तिनं पाटाभोवती रांगोळी काढायला घेतली, काही घाई नसल्यासारखी. मग उठून अण्णांसमोर गेली, त्यांच्या मुठीतली टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या हातात परत दिली.

“कोर मावळेल,” ती म्हणाली. “बसायचं तर बसा.”

अण्णांनी आळीकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्या बुडीनंतर ते वर का येत नव्हते, हे मला त्या क्षणी कळल्यासारखं वाटलं. त्यांनी टोपी घातली आणि पाटावर मांडी घालून बसले.

मी आत्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती जागची हलली नाही.

“थांब,” ती त्यांना म्हणाली. “आधी त्याला.”

आणि तिनं पाठ फिरवली. आळीसमोर, भावाला पाटावर तसाच बसवून ठेवून, तिनं चंद्राला ओवाळलं. सावकाश, तीनदा. अक्षता टाकल्या. हात जोडले. “यानं एक बीज चुकवली नाही,” ती म्हणाली. “मान त्याचा पहिला.”

अण्णा खाली मान घालून बसून होते. वाट बघत होते. मला सांगायला हरकत नाही, मला फार बरं वाटलं.

मग ती वळली. गुडघे टेकून त्यांच्यासमोर बसली, टोपीखाली कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी-सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. अण्णांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसतही नव्हते. त्यांनी खिशात हात घातला.

“ते नको,” आत्या म्हणाली. “ओवाळणीत मला माझं नाव घाल. हाक मार. परसातून मारायचास तशी.”

अण्णांनी तोंड उघडलं. आवाज आला तो इतका बारीक की मलाही जेमतेम ऐकू आला.

“असं नाही. आळीला ऐकू जाऊ दे.”

अण्णांनी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. आणि माझ्या आयुष्यात मी कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांनी काढला, दहा वर्षांच्या पोराचा, लांबलचक, वरच्या पट्टीतला.

“मथूऽऽऽ”

यवतेश्वरावर कोर टेकली होती. आणि समोरच्या माडीची खिडकी करकरली, तिच्यातून पांढरं डोकं बाहेर आलं.

“कोण?” जिजीनं विचारलं. “मथी आली होय?”

आत्या उठून उभी राहिली. ताट हातात तसंच होतं, निरांजन अजून जळत होतं.

“आले गं जिजी,” ती म्हणाली. “आले.”